बारा शाळा, तीनशे मुलं आणि एक टी-टेस्ट: पद्धत सिम्युलेशनने कशी तपासायची

प्रश्न थोडक्यात असा. शहादा तालुक्यातले एक प्राथमिक शिक्षक पीएच.डी. करताहेत. नंदुरबार जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या सहा शाळांत त्यांनी चौथीच्या मुलांसाठी वाचनाचा वेगळा कार्यक्रम राबवला, दुसऱ्या सहा शाळांत नेहमीचं शिकवणं चालू राहिलं. शाळेमागे साधारण पंचवीस, म्हणजे तीनशेच्या आसपास मुलं. पूर्वचाचणी झाली, उत्तरचाचणी झाली, टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासऱ्यांतला फरक नुसत्या योगायोगाचा असू शकतो का हे तपासणारी चाचणी) लावली आणि '०.०५ सार्थकता स्तरावर शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यात येतो' हे वाक्यही, म्हणजे 'फरक नाहीच' हे गृहीतक फेटाळलं असं, लिहून झालं. आता परीक्षकांचा शेरा आला आहे: मुलं शाळाशाळांतून घेतली आहेत, अशा ठिकाणी ही टी-टेस्ट चालते का ते सिम्युलेशन करून, म्हणजे संगणकावर खोटा डेटा तयार करून, दाखवा. शिक्षक विचारतात की सिम्युलेशनमध्ये नेमकं करायचं काय, आकडे कुठून आणायचे, ते किती वेळा करायचं, एसपीएसएसमध्ये होईल का, आणि खोट्या डेटावरून खऱ्या डेटाबद्दल काही सिद्ध होतंच कसं?

सर, शेवटच्या शंकेपासून सुरू करते. ती सुटली की बाकी सगळी नुसती मेहनत आहे.

तुमच्या खऱ्या डेटावर टी-टेस्ट लावली की उत्तर मिळतं, पण ते बरोबर आलं की चूक हे कळायला मार्ग नसतो. कार्यक्रमाचा खरा परिणाम किती, हे तुम्हाला ठाऊकच नाही. तेच तर शोधताय. कापूस घ्यायला दारात आलेल्या व्यापाऱ्याचा काटा खरा की खोटा हे आपल्याच गाठोड्याचं वजन करून कळत नाही. वजन पक्कं ठाऊक असलेलं माप त्यावर ठेवावं लागतं. सिम्युलेशनमधला खोटा डेटा म्हणजे ते माप. संगणकात बारा शाळा आपणच उभ्या करायच्या, मुलांना गुण आपणच द्यायचे, आणि कार्यक्रमाचा परिणाम शून्य आहे असं आपणच ठरवायचं. मग टी-टेस्ट लावायची. असं हजारो वेळा करायचं, दर वेळी नवी शाळा, नवी मुलं. परिणाम शून्य असूनही किती वेळा टेस्ट 'सार्थक फरक आहे' म्हणते ते मोजायचं. ०.०५ सार्थकता स्तराचा अर्थच असा की हे शंभरात पाचदा व्हावं. त्याहून बरंच जास्त होत असेल तर ती टेस्ट या परिस्थितीत वापरायची नाही. यातून तुमच्या कार्यक्रमाबद्दल काहीच सिद्ध होत नाही, पद्धतीबद्दल होतं. हा फरक प्रबंधात स्पष्ट लिहा, कारण व्हायवाला त्यावरच गल्लत होते.

युक्ती जुनी आहे. ज्या टी-टेस्टवरून हा वाद आहे, तिचं गणित मांडणाऱ्या विल्यम गॉसेट यांनीच १९०८ साली ही वापरली होती. ते डब्लिनच्या गिनेस या बिअरच्या कारखान्यात नोकरीला होते, म्हणून निबंध 'स्टुडंट' या टोपणनावाने आला. आपलं गणित प्रत्यक्षात उतरतं का हे पाहायला त्यांनी ३,००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, तुकडे नीट मिसळले आणि चार-चारचे ७५० नमुने काढले. त्यांचे तुकडे नीट मिसळलेले होते, ही गोष्ट लक्षात ठेवा. तुमची मुलं तशी मिसळलेली नाहीत, ती शाळाशाळांच्या गठ्ठ्यांनी आलेली आहेत. परीक्षकांच्या शेऱ्याचं मूळ तिथेच आहे.

एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी निघतात. शिक्षक तोच, पाडा तोच, घरची भाषा तीच. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात पावरी किंवा भिली, नवापूरकडे मावची, शहाद्याच्या सपाटीवर गुजरी-अहिराणी. गुणांमधल्या एकूण फरकातला किती भाग शाळाशाळांमधला आहे, याला आयसीसी म्हणतात, म्हणजे इंट्राक्लास कोरिलेशन. समजा तो ०.२ आहे. मग डिझाइन इफेक्ट, म्हणजे गठ्ठ्यांमुळे माहिती कितीपट घटते तो आकडा, काढायचा: १ + (२५ − १) × ०.२ = ५.८. तीनशेला ५.८ ने भागा, जेमतेम ५२ येतात. तीनशे मुलांची चाचणी घेतलीत खरी, पण त्यातून माहिती मिळाली ती सुट्या-सुट्या ५२ मुलांएवढी. साध्या टी-टेस्टला हे कळत नाही. ती तीनशे सुटी मुलं धरते, प्रमाण त्रुटी (अंदाज किती डळमळू शकतो याचं माप) जवळपास अडीचपट कमी दाखवते, आणि परिणाम शून्य असताना शंभरात पाचऐवजी चाळीसच्या आसपास वेळा 'त्याग करण्यात येतो' म्हणते. हा चाळीसचा आकडा मी कागदावर काढला आहे. तुमचं सिम्युलेशन चालवलंत तर त्याच्या आसपासच उत्तर यायला हवं. नाही आलं तर आधी कोड तपासा.

मात्र संगणकात शाळा उभ्या करण्याआधी एक सोपं काम सांगते, ज्यात एकही आकडा मनाने घालावा लागत नाही. तुमच्याकडे पूर्वचाचणीचे खरे गुण आहेत. त्या वेळी कार्यक्रम सुरूच झालेला नव्हता, म्हणजे कार्यक्रमाचा परिणाम नक्की शून्य. बारा शाळांमधून सहा 'प्रायोगिक' म्हणून निवडायचे ९२४ मार्ग आहेत. आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये ते सगळे एकेक करून घ्या, प्रत्येक वेळी त्या सहा शाळांच्या मुलांची उरलेल्या सहा शाळांच्या मुलांशी टी-टेस्ट लावा आणि पी-व्हॅल्यू (परिणाम शून्य असताना एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली कितीदा जाते ते मोजा. मग तेच शाळेशाळेच्या सरासऱ्या घेऊन करा: बारा सरासऱ्या, सहा विरुद्ध सहा, स्वाधीनता मात्रा (डिग्रीज ऑफ फ्रीडम) १२ − २ = १०. पहिल्या मोजणीत आकडा भलताच फुगलेला दिसेल आणि दुसऱ्यात पाच टक्क्यांच्या जवळपास राहील अशी माझी अपेक्षा आहे. एकाच डेटावरची फेरवाटणी असल्याने याला पुरतं सिम्युलेशन म्हणता येणार नाही, पण तुमचीच मुलं, तुमचीच चाचणी, तुमचेच शून्य गुण मिळालेले विद्यार्थी यात असतात. परीक्षकांना हे पान सगळ्यात आधी दाखवा.

आता प्रत्यक्ष सिम्युलेशन. सगळ्यात साधा साचा असा: मुलाचे गुण = सर्वसाधारण पातळी + कार्यक्रमाचा परिणाम (प्रायोगिक शाळा असेल तरच) + शाळेचा वाटा + मुलाचा स्वतःचा वाटा. गुण प्रमाणित करून घेतले, म्हणजे एकूण प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) १ धरलं, तर आयसीसी ०.२ साठी शाळेच्या वाट्याचं प्रमाण विचलन ०.४५ आणि मुलाच्या वाट्याचं ०.८९. बारा शाळांसाठी बारा यादृच्छिक (सोडत काढल्यासारखे) आकडे, तीनशे मुलांसाठी तीनशे, बेरीज करा, डेटा तयार. आरमध्ये हे दहा-बारा ओळींचं काम आहे.

अडचण या आकड्यांची असते. आयसीसी ०.२ च का? अमेरिकेतल्या शाळांच्या मोठ्या सर्वेक्षणांवरून हेजेस आणि हेडबर्ग या संशोधकांनी २००७ मध्ये जे आकडे मांडले त्यांची सरासरी ०.२२ च्या जवळ होती, आणि तेव्हापासून जो तो तोच आकडा उचलतो. तुम्ही उचलू नका. सातपुड्यातल्या आणि तापीकाठच्या शाळा एकाच नमुन्यात असतील तर शाळाशाळांमधला फरक त्याहून मोठा निघू शकतो. पूर्वचाचणीवरून स्वतःचा आयसीसी काढा. पण बारा शाळांवरून काढलेला आयसीसी फार डळमळीत असतो, म्हणून त्या एकाच आकड्यावर सगळं उभं करू नका. ०.१, ०.२, ०.३ असे तिन्ही घेऊन पाहा.

मुलांची संख्याही सगळीकडे पंचवीस धरू नका. 'साधारण पंचवीस' असं तुम्ही लिहिलंय, पण धडगावच्या एखाद्या द्विशिक्षकी शाळेत चौथीला सात मुलं असतील आणि बाजारपेठेच्या गावी चाळीस. तुमचा हजेरीपट उघडा आणि त्या बारा खऱ्या संख्याच कोडमध्ये घाला. इथे एक प्रश्न उभा राहतो, जो शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांत मला क्वचितच दिसतो: तुम्ही नेमकं काय मोजताय? सरासरी शाळेवर झालेला परिणाम की सरासरी मुलावर झालेला? कार्यक्रम लहान शाळांत छान चालला आणि चाळीसच्या वर्गात फसला, तर शाळांच्या सरासऱ्यांची सरासरी एक उत्तर देईल आणि सगळ्या मुलांची मिळून सरासरी दुसरं. दोन्ही बरोबर असतील, कारण दोन्ही वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. सिम्युलेशनमध्ये 'खरं उत्तर' कोणतं धरलंय हे आधी ठरवलं नाही, तर एक चांगली पद्धत विनाकारण चुकीची ठरते. शिक्षण विभागाला काय हवंय ते बघा: योजना शाळेशाळेला द्यायची असेल तर पहिलं, एकूण किती मुलं वाचायला लागली हे सांगायचं असेल तर दुसरं.

गुणांच्या आलेखाचा आकारही सुबक घंटेसारखा, म्हणजे नॉर्मल वितरणाचा, नसतो. वाचनाच्या चाचणीत बरीच मुलं शून्यावर किंवा 'अक्षर ओळखतो' एवढ्यावरच थांबलेली असतात. 'असर'सारख्या मुलांचं वाचन तपासणाऱ्या पाहणीतल्या अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पातळ्या वापरल्या असतील, तर ते गुण नाहीतच, पायऱ्या आहेत. नॉर्मल वितरणातून गुण काढायचे आणि मग पद्धत छान चालते म्हणायचं, यात फसगत आहे. एक संच नॉर्मलचा ठेवा, दुसऱ्यात तुमच्या पूर्वचाचणीतलेच गुण उचलून वापरा.

आता नंदुरबारची खरी गोम: स्थलांतर. दिवाळीनंतर ऊसतोडीला दक्षिण गुजरातकडे टोळ्या निघतात, मुलं सोबत जातात. तुमची पूर्वचाचणी जुलैत, उत्तरचाचणी फेब्रुवारीत झाली असेल, तर मधे किती मुलं गळाली? ती गळती सोडत काढल्यासारखी नसते. ज्या घरांना जावं लागतं त्या घरांतल्या मुलांची वर्षानुवर्षं शाळा बुडालेली असते, आणि उत्तरचाचणीला ती नसल्याने मागे उरलेल्या वर्गाची सरासरी आपोआप वर जाते. दोन्ही गटांत सारखीच गळती असेल तर तुलनेला धक्का कमी बसतो. पण प्रायोगिक शाळांपैकी दोन गावांत हंगामी वसतिगृह (स्थलांतरित घरांतल्या मुलांना मागे ठेवून घेणारं) असेल आणि नियंत्रित शाळांच्या गावांत नसेल, तर प्रायोगिक गटात कच्ची मुलं टिकली आणि नियंत्रित गटात ती निघून गेली असं होतं. कार्यक्रम चांगला असूनही आकड्यांत तो निरुपयोगी दिसेल. उलटही होऊ शकतं.

हे कोडमध्ये असं घाला: डेटा तयार झाल्यावर प्रत्येक मुलाला उत्तरचाचणीला गैरहजर राहण्याची शक्यता द्या. ती पूर्वचाचणीच्या गुणांवर आणि गटावर अवलंबून ठेवा, एका संचात उत्तरचाचणीच्या खऱ्या गुणांवरही. मग त्या शक्यतेनुसार मुलं पुसून टाका आणि उरलेल्यांवर विश्लेषण करा. गैरहजेरी पूर्वचाचणीवर आणि गटावरच ठरत असेल, तर पूर्वचाचणी विश्लेषणात घेऊन किंवा मल्टिपल इम्प्युटेशनने (गळालेले गुण अंदाजाने अनेकदा भरून) बरंच सावरता येतं. न दिसलेल्या गुणांवर ठरत असेल तर सावरता येत नाही, आणि ते तसं आहे की नाही हे डेटा सांगत नाही. अशा वेळी गळतीचं प्रमाण हलकं, मध्यम, जड असं बदलत नेऊन निष्कर्ष कुठे उलटतो ते दाखवायचं. शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलांना दुसरीकडे शाळेत बसता यावं म्हणून मिळणारं) दिलेल्या मुलांची नोंद शाळेत असेल तर किती मुलं त्या कारणाने गेली याचा अंदाज तिथून घ्या, मनाने घालू नका.

कोणत्या पद्धती तपासायच्या? मुलांवरची साधी टी-टेस्ट, शाळांच्या सरासऱ्यांवरची टी-टेस्ट, बहुस्तरीय मॉडेल, जे शाळेचा आणि मुलाचा वाटा वेगळा धरतं (आरमध्ये एलएमई-फोर हे पॅकेज), आणि तेच मॉडेल केनवर्ड-रॉजर या थोड्या गठ्ठ्यांसाठीच्या दुरुस्तीसह. एवढ्या चार पुरेत. क्लस्टर-रोबस्ट (गठ्ठे लक्षात घेऊन काढलेल्या) प्रमाण त्रुटीचं नाव कुणी घेतलं तर सांगा की शाळा बाराच आहेत. एवढ्या थोड्या गठ्ठ्यांत तिचा साधा प्रकार त्रुटी कमी दाखवतो. बहुस्तरीय मॉडेलचाही तोच त्रास दुरुस्तीशिवाय असतो, हे तुमच्या सिम्युलेशनमध्ये दिसेल. सगळ्या शाळांत मुलांची संख्या सारखीच असेल तर दुरुस्तीसह बहुस्तरीय मॉडेल आणि शाळांच्या सरासऱ्यांची टी-टेस्ट जवळजवळ एकच उत्तर देतात, म्हणून माझं मत विचाराल तर बारा शाळांच्या कामात मी सरासऱ्यांची टी-टेस्ट मुख्य ठेवीन आणि मॉडेल जोडीला. ती समजावून सांगता येते, आणि मार्गदर्शकांनाही हाताने पडताळता येते.

चारही पद्धती एकाच तयार डेटावर लावा. प्रत्येकीला वेगळा डेटा दिलात तर फरक पद्धतीचा की नशिबाचा ते कळत नाही. मॉडेलला काही फेऱ्यांत पक्कं उत्तर सापडणार नाही, कधी ते शाळेचा वाटा शून्यच काढेल. अशा फेऱ्या गुपचूप गाळू नका, किती होत्या ते कोष्टकात लिहा. गाळलेल्या फेऱ्या बहुधा अवघड डेटाच्या असतात, त्या काढल्या की मॉडेल आहे त्याहून चांगलं दिसतं.

फेऱ्या किती, हाही प्रश्न तुम्ही विचारलाय. उत्तर गणितातून येतं. खरा आकडा ५ टक्के असेल आणि तुम्ही १,००० फेऱ्या केल्यात, तर तुमच्या मोजणीची स्वतःचीच प्रमाण त्रुटी ०.७ टक्क्यांच्या जवळ असते, म्हणजे ३.६ ते ६.४ पर्यंत काहीही दिसू शकतं. १०,००० केल्यात तर ४.६ ते ५.४. चाळीस आणि पाच यांतला फरक दाखवायला हजार पुरतात, पाच आणि सहा यांतला दाखवायला नाही. कोष्टकात प्रत्येक आकड्याशेजारी ही त्रुटी छापा.

नुसती खोटी सार्थकता मोजून थांबू नका, पॉवरही पाहा, म्हणजे खरा परिणाम असताना टेस्ट तो कितीदा पकडते. खरा परिणाम ०.३ प्रमाण विचलनाएवढा धरा, जो वाचनाच्या कार्यक्रमासाठी वाईट नाही. बारा शाळा, आयसीसी ०.२, आणि पूर्वचाचणी विश्लेषणात न घेता, सरासऱ्यांची टी-टेस्ट तो शंभरात पंधरा-वीस वेळाच पकडते. हे पाहून विद्यार्थी म्हणतात, मग मुलं वाढवू. शाळेमागे २५ ऐवजी २५० मुलं घेतलीत तरी फरकाची प्रमाण त्रुटी ०.२८ वरून ०.२६ वर येते, बस. शाळा बाराच्या चोवीस केल्यात तर ती ०.२० वर येते. तुमच्याकडे पूर्वचाचणी आहे ही मोठी जमेची बाजू. शाळेची पूर्वचाचणीतली सरासरी सहचल (विश्लेषणात सोबत धरलेला आकडा) म्हणून घेतली की त्रुटी चांगली खाली येते, किती ते सिम्युलेशनच सांगेल.

एक गोष्ट मात्र सिम्युलेशन दुरुस्त करू शकत नाही. सहा प्रायोगिक शाळा सगळ्या तुमच्याच केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) आणि सहा नियंत्रित शेजारच्या केंद्रातल्या आहेत का? सोयीचं म्हणून बहुतेक जण तसंच करतात. तसं असेल तर कार्यक्रमाचा परिणाम आणि केंद्राकेंद्रांतला फरक, एका केंद्रप्रमुखाचा उत्साह धरून, वेगळा काढायला कोणतीही पद्धत पुरी पडणार नाही. ते 'संशोधनाच्या मर्यादा' मध्ये उघड लिहा. आणि सरासऱ्यांच्या टी-टेस्टने सार्थक फरक नाही म्हटलं तर तेच लिहा, सोबत परिणामाचा अंदाज आणि त्याची विश्वास मर्यादा (खरा परिणाम कुठून कुठपर्यंत असू शकतो ती) द्या. त्यावरून कुणी पदवी अडवत नाही. चुकीच्या टेस्टवरून अडवू शकतात.

प्रबंधात हे मांडायला मॉरिस, व्हाइट आणि क्राउदर यांनी २०१९ मध्ये 'स्टॅटिस्टिक्स इन मेडिसिन' या नियतकालिकात सुचवलेला क्रम वापरा: उद्देश काय, डेटा कसा तयार केला, कोणतं खरं मूल्य धरलं, कोणत्या पद्धती तपासल्या, कोणत्या मापांनी. वैद्यकासाठी लिहिलेला असला तरी शिक्षणात जसाच्या तसा बसतो.

शेवटी, एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये होईल का? सिंटॅक्स लिहून होईल, पण कटकट आहे. एक्सेलमध्ये पहिला साधा संच होतो, पुढचं नाही. आर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. टी-टेस्टच्या दहा हजार फेऱ्या चहा होईपर्यंत आटोपतात, केनवर्ड-रॉजरच्या फेऱ्यांना मात्र बराच वेळ लागतो. त्या रात्री लावा, दर ५०० फेऱ्यांनी निकाल फाइलमध्ये लिहायला सांगा, कारण आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. सुरुवातीला सीड (यादृच्छिक आकड्यांची मालिका जिथून सुरू होते तो आकडा) ठरवून द्या आणि तो आकडा, आरच्या आवृत्तीसह, कोडच्या परिशिष्टात छापा, म्हणजे परीक्षकांनी त्यांच्या संगणकावर चालवलं तरी तेच कोष्टक निघेल.